गोळी बंद करून २१ दिवसांत हार्मोन ताळ्यावर?

पलासियाकर: मावशीनं २१ दिवसांचा कोर्स केला. जाहिरात अशी, की हार्मोन, नसा आणि प्रतिकारशक्ती यांचा तुटलेला संवाद जोडून देऊ. थायरॉइडची गोळी तेवढे दिवस बंद. पहिले दहा-बारा दिवस बाई टुणटुणीत. ‘बघ, गोळी लागतच नव्हती.’ माझ्या मते शुद्ध थोतांड. शरीर काय टेलिफोनचा खांब आहे, तार जोडली की झालं?

सराफ्यातलं घुबड: कोर्स थोतांड असेल, संवाद नाही. १९७५ साली संशोधक अ‍ॅडर आणि कोहेन यांनी उंदरांना सॅकरिनच्या गोड पाण्यासोबत प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं. पुढे नुसतं गोड पाणी पाजलं तरी त्यांच्यात अँटिबॉडी कमी बनल्या. चव कळते मेंदूला, मंदावते प्रतिकारशक्ती! कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, दाहाला आवर घालतं. ते सकाळी चढतं, मध्यरात्री उतरतं. आणि आपण रात्री एक वाजता इंदूरच्या सराफा बाजारात गराडू, म्हणजे तळलेला कंद, हाणतो.

पलासियाकर: गराडूला मध्ये आणू नकोस भिया. आणि उंदीर म्हणजे मावशी नव्हे.

लॅबवाली ताई: मावशीला हाशिमोटो आहे का? त्यात प्रतिकारशक्तीच थायरॉइड ग्रंथी पोखरते. पोखरलेली ग्रंथी शवासनानं भरून येत नाही. आणि गोळीतलं थायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात. पहिले दहा-बारा दिवस ती जुन्या साठ्यावर चालली, श्रेय घेतलं कोर्सनं. कोर्स २१ दिवसांचाच का, कळलं? त्रास सुरू होईतो फी जमा. संवाद ऐकायचाच तर टीएसएचची रक्ततपासणी करा, ते थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन. ग्रंथी कमी पडली की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवून ओरडते.

सराफ्यातलं घुबड: गोळी सोडा असं मी कुठं म्हटलं? पण २०२५ मध्ये अमेरिकेत संधिवातासाठी व्हेगस नस (मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी) चेतवणाऱ्या उपकरणाला मंजुरी मिळाली. नसेकडून दाह आवरतो, हे तर मान्य करा.

लॅबवाली ताई: केलं. पण ते शस्त्रक्रिया करून मानेत बसवतात. कोर्सवाले त्याच नसेच्या नावाखाली भुंग्यासारखं गुणगुणायला लावतात आणि पुरावा मात्र त्या उपकरणाचा दाखवतात. झोप सुधारायला माझी ना नाही, ती फुकट आहे.

पलासियाकर: हाशिमोटोच आहे. रिपोर्ट आला: टीएसएच २४, मागच्या वेळी ३ होता. मावशी म्हणते, मशीन बिघडलंय. डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली. उद्या सहाला मीच उपाशीपोटी द्यायला जातोय. त्यानंतर अर्धा तास चहा नाही, भांडण तिथंच होणार.