मदत हवी: ऑफरोडसाठी साधं जीपीएस कोणतं? शनिवारी निघायचंय

सातपुडा_फिरस्ता
मंडळी, ऑफरोडसाठी साधं जीपीएस युनिट घ्यायचंय. ब्लूटूथ, गाणी, कॉल काही नको. गार्मिनचे ईट्रेक्स १० आणि ईट्रेक्स २२एक्स बघितले पण फरक कळत नाहीये. जळगावात एका दुकानात विचारलं तर त्याने गाडी चोरी झाल्यावर लोकेशन सांगणारं ट्रॅकर हातात दिलं. ज्यांनी वापरलंय त्यांनीच सांगा, आणि जरा लवकर.

तापीकाठ
फोन आहे ना? मग युनिट कशाला. ऑसमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स हे नकाशाचं ॲप टाका, घरी वायफायवर नकाशा उतरवून घ्या, विषय संपला. रेंज गेली की जीपीएस जातं असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नसतं, सॅटेलाइटचा सिग्नल सिम नसलं तरी येतो.

सातपुडा_फिरस्ता
ते माहीत आहे हो. नकाशा उतरवलेला होता. फोनच बंद पडला, म्हणून तर विचारतोय.

खानदेशी_भो
भाऊ, पह्यले हाई सांग, गाडी कोनती शे? आनि जास कोठे? त्यानाबिगर कोन काय सांगी?

सातपुडा_फिरस्ता
हिरोची एक्सपल्स बाइक. शहादा, म्हसावद, राणीपूर करून तोरणमाळ, तिथून कच्च्याने धडगावकडे. कधी चोपड्याहून सत्रासेनच्या बाजूला. मे महिन्यात तोरणमाळच्या पुढे दुपारी दोनला फोन तापून बंद पडला, तीन वाटा फुटत होत्या, मी चुकीची धरली आणि संध्याकाळपर्यंत एका नाल्यात वरखाली करत होतो. पाणी संपलं होतं. शेवटी पाड्यावरचा एक पोरगा पुढे चालत येऊन वाट दाखवून गेला. घरी अजून सांगितलेलं नाही.

रावेरची_केळी
एकटे होता का?? हे आधी सांगायचं ना. माझं ऐका, गार्मिनचं इनरीच घ्या, सॅटेलाइटवरून मेसेज जातो, एसओएस बटण असतं, यूट्यूबवर सगळे परदेशी रायडर तेच वापरतात.

तापीकाठ
अहो असं काही सुचवू नका. सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारी यंत्रं आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय वापरता येत नाहीत, गोव्यात विमानतळावर परदेशी पर्यटकांना त्यावरून पकडलंय. ईट्रेक्स फक्त सिग्नल घेतं, पाठवत काही नाही, त्याला अडचण नाही. आणि फिरस्ता, फोन कसा लावला होता? पारदर्शक पाऊचमध्ये, चार्जिंग चालू ठेवून?

सातपुडा_फिरस्ता
हो. तसाच.

तापीकाठ
मग तापणारच. वरून ऊन, आतून चार्जिंग, पाऊचमध्ये हवा नाही. उघडा माउंट घ्या, स्क्रीन बंद ठेवून ट्रॅक रेकॉर्ड होऊ द्या.

लळिंग_ते_लडाख
तापीकाठ, तुमचं पटत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, उघड्यावर ठेवला तरी फोन तापतोच. शिवाय हादरे. मोटरसायकलच्या इंजिनच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं हे ॲपलनेच २०२१ मध्ये सांगितलंय. ज्या फोनवर घरी कळवायचं तोच नकाशाला जुंपायचा हे मला मान्य नाही. मी सहा वर्षं २२एक्स वापरतोय म्हणून नीट लिहितो. ईट्रेक्स १० ला ब्लॅक अँड व्हाइट स्क्रीन, त्यात सविस्तर नकाशा टाकता येत नाही, नुसती रेघ आणि पॉइंट दिसतात. २२एक्सला रंगीत स्क्रीन, ८ जीबी मेमरी, वर मायक्रोएसडी कार्ड, ओपनस्ट्रीटमॅपचे फुकट नकाशे टाकता येतात. दोन पेन्सिल सेलवर २५ तासांच्या आसपास चालतं. त्याच्या वरच्या मॉडेलला, ३२एक्सला, कंपास आणि बॅरोमीटर जास्तीचा आहे, त्याला पैसे घालू नका, २२एक्स दिशा दाखवतं ती हलत असताना आणि गाडीवर आपण हलतच असतो. महत्त्वाचं म्हणजे निघतानाच ट्रॅक चालू करा, अडकलात की ट्रॅकबॅक लावा, आलेल्या वाटेने परत आणून सोडतं. तुम्ही नाल्यात फिरत होता तेव्हा एवढंच हवं होतं.

बुलेट_नंदुरबार
माझंही ईट्रेक्स आहे पण खड्ड्यात आदळलं की बंद पडायचं. सेल आत हलतात आणि काँटॅक्ट सुटतो. सायकलच्या ट्यूबची पातळ पट्टी सेलच्या बाजूला कोंबली, तेव्हापासून ठीक.

रावेरची_केळी
सगळे अमेरिकेच्या जीपीएसच्या मागे. आपलं इस्रोचं नाविक आहे की, त्याचा पहिला उपग्रह २०१३ मध्येच गेला. नाविकवालं युनिट घ्या.

लळिंग_ते_लडाख
नाविकबद्दल आदर आहेच, पण प्रश्न २२एक्सचा चाललाय आणि ते जीपीएस आणि रशियाचं ग्लोनास घेतं.

खानदेशी_भो
मी तं म्हंतो यंत्र राहू द्या, पाड्यावर इचारा. मी पंधरा वर्षं दूध घेवाले त्या बाजूला जास, एक दिन चुकनू नही. पावरा आदिवासी मानूस वाट सांगस तशी कोनता नकाशा सांगी?

सातपुडा_फिरस्ता
दादा, त्या पोरानेच मला बाहेर काढलं, त्याचं ऋण आहेच. पण दोन तास एकही माणूस दिसला नव्हता.

डोंगरवाट
टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारा सरकारी नकाशा, बघितलंत का? सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे पीडीएफमध्ये फुकट मिळतात. आदल्या रात्री नाले आणि कंटूर (समान उंचीच्या रेषा) बघून ठेवा, ही वाट खाली उतरून संपते की पलीकडे निघते ते कळतं. आणि यावल अभयारण्यात परवानगीशिवाय गाडी घालू नका.

पाटणादेवी_फॅन
तोरणमाळला मुक्कामाला कुठे राहता? आम्ही चौघं दिवाळीनंतर जाणार आहोत, शेवभाजी मिळेल का तिथे?

सातपुडा_फिरस्ता
लळिंगदादा, अजून एक. वय ५२, जवळचं चष्म्याशिवाय दिसत नाही आणि हेल्मेटमध्ये तो चष्मा नसतो. २२एक्सची स्क्रीन केवढी?

लळिंग_ते_लडाख
२.२ इंच. मग चालता चालता रस्ते वाचायच्या भानगडीत पडू नका. घरी कॉम्प्युटरवर सॅटेलाइट चित्र बघून वाट आखा, त्या वाटेची जीपीएक्स फाइल युनिटच्या आत टाका, युनिटमध्ये ट्रॅकचा रंग गडद करा. तेवढी रेघ दिसते. शंका आली की गाडी थांबवून चष्मा लावायचा.

बुलेट_नंदुरबार
धुळ्यात ओळखीच्यांकडे वापरलेलं २२एक्स विकायला आहे, मेसेज करतो. पण बघायला गेलात की हँडलला लावून दहा किलोमीटर खडीवर फिरवा. मध्ये बंद पडलं तर पैसे देऊ नका.

सातपुडा_फिरस्ता
उद्या सकाळीच धुळ्याला जातो. ट्यूबची पट्टी सोबत घेतो.