मदत हवी आहे : पहिली मोटारसायकल कोणती घ्यावी आणि बेचाळिसाव्या वर्षी गिअर शिकावे कसे?

नमस्कार. मी बीड जिल्ह्यात, अंबाजोगाई तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. बदलीनंतर मिळालेली शाळा घरापासून सुमारे सोळा किलोमीटरवर आहे. फाट्यापर्यंतचा रस्ता चांगला डांबरी आहे. आत वळल्यानंतर मात्र आधी उखडलेली खडी, मग मुरूम आणि शाळेजवळ निव्वळ काळी माती अशी उतरती भाजणी लागते. एसटी फाट्यापर्यंतच येते आणि तिची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही. काळी-पिवळी जीप भरल्याशिवाय हलत नाही. उन्हाळी सुट्टी नुकतीच लागली आहे, तेव्हा जूनच्या मध्याला शाळा उघडेपर्यंत स्वतःची मोटारसायकल घेऊन ती आत्मविश्वासाने चालवता यावी, असा माझा विचार आहे.

घरात हा विषय निघाल्यापासून प्रत्येक जण स्कुटीच घेण्याचा सल्ला देत आहे. माझे दीर तर ‘वहिनी, गिअरच्या भानगडीत पडूच नका’ असे म्हणतात. गावातल्या गावात मी स्कुटी बरीच वर्षे चालवते, त्यामुळे तोल सांभाळणे, आरसा पाहणे, वळताना हात दाखवणे हे मला नव्याने शिकायचे नाही. परंतु तीच स्कुटी या रस्त्यावर नेऊन पाहिली, तेव्हा मागचे दहा इंची चाक प्रत्येक खड्ड्यात पुरते उतरते आणि मुरमावर पुढचे चाक जागेवर राहत नाही, हे लक्षात आले. गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा कागदावर दोन्हींची जवळपास सारखीच, म्हणजे १६० ते १६५ मिलिमीटरच्या आसपास दिसते. खरा फरक चाकाच्या आकाराचा आहे, कारण साध्या मोटारसायकलचे सतरा-अठरा इंची चाक लहान खड्डा ओलांडून जाते. त्यामुळे स्कुटी की मोटारसायकल हा प्रश्न मी माझ्यापुरता मिटवला आहे आणि त्यावर कृपया पुन्हा चर्चा नको.

माझी उंची पाच फूट एक इंच आहे. स्प्लेंडर प्लस, शाइन १०० आणि प्लॅटिना १०० या तीन गाड्या मनात आहेत. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर उंच आणि वजन ११२ किलो, तर शाइन १०० ची सीट जवळपास तेवढीच उंच आणि वजन ९९ किलो असल्याचे वाचले. प्लॅटिना आरामदायी असल्याचे सगळेच सांगतात, पण तिची सीट या दोघींपेक्षा उंच आहे. मुलाचे मत विचारले, तर तो बुलेटच्या खाली उतरायला तयार नाही. १९५ किलोची गाडी रोज सकाळी स्टँडवरून त्याच्या आईला काढायची आहे, हा मुद्दा त्याला गौण वाटतो.

दिरांच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे २०१७ ची स्प्लेंडर विकाऊ आहे. गाडी दिसायला चांगली आहे, परंतु ती कर्जावर घेतलेली होती; कर्ज फिटल्याचे ते सांगतात, मात्र आरसी बुकावर फायनान्स कंपनीचे नाव अजून आहे आणि नंबर प्लेटही जुनीच आहे. अशी गाडी शिकण्यापुरती घ्यावी की सरळ नवीन घ्यावी, याचा निर्णय होत नाही. नवीन घ्यायची तर दसऱ्यापर्यंत थांबा, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. पण दसऱ्यापर्यंत मी फाट्यावर उभी राहायचे का, हा माझा प्रश्न आहे.

शिकवणारा मिळणे ही सर्वांत मोठी अडचण आहे. आमच्याकडच्या ज्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चौकशी केली, तिथे चारचाकीच शिकवतात. यजमान नोकरीनिमित्त पुण्याला असतात. दीर त्यांच्या स्प्लेंडरवर शिकवायला तयार झाले आहेत, परंतु ‘क्लच हळू सोडा’ यापलीकडे त्यांना काही सांगता येत नाही आणि गाडी झटका मारून बंद पडली की तेच वाक्य ते मोठ्या आवाजात सांगतात. क्लच हळू सोडायचा म्हणजे नेमके काय करायचे, सराव कोणत्या क्रमाने करायचा, साडी किंवा पंजाबी ड्रेस घालून गाडी चालवताना काय काळजी घ्यायची, आणि माझ्याकडे विनागिअर गाडीचा कायमस्वरूपी परवाना आहे तो मोटारसायकलला चालेल का, हे अनुभवी वाचकांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

मॅडम, गाडी कोणती हा प्रश्न दोन आठवडे थांबला तरी चालेल. परवान्याचा मात्र आजच हाती घ्या. विनागिअरचा परवाना मोटारसायकलला चालत नाही. गिअरची गाडी हा कायद्याने वेगळा वर्ग असल्यामुळे तो तुमच्या सध्याच्या परवान्यात वाढवून घ्यावा लागतो आणि त्यासाठी आधी त्या वर्गाचा शिकाऊ परवाना काढावा लागतो. शिकाऊ परवाना मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही, आणि तो सहा महिनेच वैध असतो. म्हणजे शाळेची घंटा आणि तुमची चाचणी यांच्यात आता जेमतेम अंतर उरले आहे. अर्ज ‘सारथी’ संकेतस्थळावर करता येतो. तुमचे वय चाळिशीच्या पुढे असल्याने डॉक्टरांकडून नमुना १-अ, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र, भरून घ्यावा लागेल, तो आधीच तयार ठेवा. अंबाजोगाईला एमएच-४४ चे स्वतंत्र परिवहन कार्यालय असल्यामुळे बीडला खेपा घालाव्या लागणार नाहीत. चाचणीला जी गाडी न्याल तिचा विमा आणि पीयूसी चालू असावेत. इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवताना पाय जमिनीला टेकू नये, एवढ्याच गोष्टीवर बहुतेक जण अडतात.

शिकाऊ परवान्यावर रस्त्यावर उतरताना गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावणे बंधनकारक आहे, आणि मागे बसणारा माणूस त्याच वर्गाचा परवाना असलेला शिकवणाराच असला पाहिजे. तेव्हा भाऊजींचा मोठा आवाज काही दिवस सोसावा लागेल.

गाडीबाबत सांगायचे तर स्प्लेंडर किंवा शाइन १०० यांपैकी जिच्यावर बसून बरे वाटेल ती घ्या. मिलिमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नका, कारण सीट पुढच्या बाजूला किती रुंद आहे यावरही पाय किती टेकतात हे ठरते. शाळेत जाताना जी चप्पल घालता तीच घालून शोरूममध्ये जा; दोन्ही टाचा टेकण्याची गरज नाही, डावा पाय भक्कम टेकला तरी पुरते. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना असूनही आपल्याकडच्या खेड्यांत स्प्लेंडरच अधिक दिसते, आणि त्याचे कारण एवढेच की तिचा क्लच वायर आणि ब्रेक शू कुठल्याही फाट्यावरच्या मिस्त्रीकडे मिळतो. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा : स्प्लेंडरचे चारही गिअर पायाने पुढे खाली दाबून पडतात, तर पल्सर, रेडर यांसारख्या गाड्यांत पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर असतात. ज्या पद्धतीवर शिकाल त्याच पद्धतीची गाडी घ्या, नाहीतर ऐन गडबडीत पाय उलट्या दिशेला जाईल.

२०१७ ची ती गाडी माझ्या मते घेऊ नये, निदान आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरेपर्यंत तरी नाही. फायनान्स कंपनीचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) देऊन तो बोजा विकणाऱ्याने स्वतः उतरवून द्यावा, मगच गाडी नावावर करण्याच्या नमुना २९ आणि ३० वर सह्या कराव्यात. ‘नंतर करून देतो’ या शब्दावर पैसे देऊ नयेत. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवून घ्यावी लागते, तोही खर्च किमतीतून वळता करा. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला असल्याने जुन्या आणि नव्या गाडीतले अंतर पूर्वीइतके राहिलेले नाही. नवीन गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र वेगळा असतो, तो किती वर्षांचा लावला आहे हे कोटेशनवर पाहून घ्या. सासूबाईंचा मान राखायचा असेल तर पूजा दसऱ्याला करा. खरेदीला त्या दिवशी जाऊच नये, कारण गर्दीत ना गाडी नीट तपासता येते, ना कोणी समजावून सांगायला मोकळे असते.

प्रतिसाद २

ताई, मी नांदेड जिल्ह्यात किनवटच्या बाजूला आरोग्य सेविका आहे आणि उपकेंद्राच्या गावांना मोटारसायकलवरूनच जाते. वरच्या प्रतिसादातील परवान्याची माहिती बरोबर आहे. शिकण्याबद्दल मी लिहिते.

पहिले दोन-तीन दिवस गिअर बदलायचाच नाही. शाळेचे सपाट मैदान सकाळी सहाला गाठा, कारण आठनंतर आपल्याकडच्या मे महिन्यात हेल्मेटमध्ये डोके उकडते आणि चिडचिडीत काहीच शिकून होत नाही. गाडी चालू करा, क्लच (डाव्या हाताचा लिव्हर) पूर्ण दाबून पहिला गिअर टाका, दोन्ही पाय जमिनीवर ठेवा आणि अ‍ॅक्सिलरेटरला हात न लावता क्लच अगदी थोडा थोडा सोडत जा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज किंचित दबतो आणि गाडी आपणहून पुढे सरकू पाहते. क्लच पकडतो ते हेच ठिकाण. तिथेच हात थांबवायचा, गाडी पाच पावले पायांनी चालत जाऊ द्यायची, पुन्हा क्लच दाबून थांबायचे. भाऊजींच्या ‘हळू सोडा’चा अर्थ सगळा लिव्हर हळू सोडणे असा नाही, सुरुवातीचा भाग पटकन सोडला तरी चालतो, या ठिकाणाशी मात्र थांबायचे असते. हे हाताला कळले की अ‍ॅक्सिलरेटर जोडा, मग दुसरा गिअर, मग थांबताना उतरत्या क्रमाने पुन्हा पहिल्यावर येणे. थांबायच्या बरेच आधी क्लच दाबून ठेवण्याची सवय लावून घेऊ नका. गाडी धडधडायला लागण्याच्या थोडे आधी दाबला की पुरे. चढावर गाडी उचलताना डावा पाय खाली आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर हवा. क्लच पकडल्याचे जाणवले की मगच ब्रेक सोडायचा.

मुरमावर हँडल वळलेले असताना ब्रेक मारायचा नाही, हा एक नियम पाळलात तरी बहुतेक पडणे टळेल. दुसऱ्या गिअरवर एकसारखी गती ठेवा, वळणाच्या आधीच गती कमी करा आणि पुढचा ब्रेक एकदम आवळू नका. सव्वाशे सीसीपर्यंतच्या बहुतेक नव्या गाड्यांमध्ये पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, हे माहीत असू द्या. डांबरी रस्त्यावर मात्र पुढच्या ब्रेकला घाबरू नका, कारण गाडी थांबवण्याचे बहुतांश काम तोच करतो. ओल्या काळ्या मातीपुढे कोणाचेही कौशल्य चालत नाही. ती माती मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये भरते आणि चाक फिरणेच बंद होते. पावसाळ्यात रस्ता जिथे काळा होतो, तिथल्या शेवटच्या ओळखीच्या घरी गाडी लावून पुढे चालत जाणे शहाणपणाचे आहे. आम्ही सगळ्या जणी तेच करतो.

पदर किंवा ओढणी मागे मोकळी राहणार नाही अशी कमरेला खोचून वर जॅकेट किंवा लांब बाह्यांचा एप्रन घाला. मागच्या चाकावरची साडी गार्ड आणि साखळीचे पूर्ण झाकण काढून टाकू देऊ नका. काही जण दिसायला बरे म्हणून ती काढतात. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे आणि स्वतःच्या मापाचे घ्या, हनुवटीखालचा पट्टा लावा.

एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. नवी गाडी पहिल्या महिन्यात घेऊ नका. शिकताना गाडी उभ्या उभ्या एक-दोनदा तरी आडवी होते आणि नव्या गाडीवरचा ओरखडा पाहून शिकणाऱ्याचा धीर जातो. भाऊजींच्या स्प्लेंडरवर शिका, चाचणीही तिच्यावरच द्या, आणि मग नवीन घ्या.

धागाकर्ती

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. शिकाऊ परवान्याचा अर्ज आज भरला आणि जुन्या गाडीला नकार कळवला. क्लच पकडण्याचे ठिकाण आधी शोधायचे, हे वाचून भाऊजींनाही पटले. आता एकच शंका उरली आहे. कधी कधी बैठकीसाठी परळीच्या बाजूला जावे लागते आणि तिकडे बालाघाटाचा उतार आहे. शिवाय दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. या दोन्हींसाठी वेगळे काही शिकावे लागेल का?

प्रतिसाद १

उताराला गाडी न्यूट्रल करून किंवा क्लच दाबून पेट्रोल वाचवण्याचा सल्ला आपल्याकडे बरेच जण देतात, तो मुळीच ऐकू नका. ज्या गिअरवर चढ चढला असता त्याच गिअरवर उतरा. इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत. उसाच्या ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात, हे ओव्हरटेक करताना विसरायला होते. मागच्या ट्रॉलीचा शेवट आणि समोरचा मोकळा रस्ता एकाच वेळी दिसत नसेल तर मागेच राहावे, आणि अगदी चिकटून राहू नये, कारण वरून मोळी सुटून पडते. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो, त्यामुळे गळीत हंगामात दिवस मावळल्यानंतर त्या रस्त्याने जाणे शक्यतो टाळावे. बैठक लांबलीच तर गाडी तिथेच कोणाकडे तरी लावून एसटीने परत या.