अनेग्रे फिकं आहे, कच्चं नाही

सांगलीतल्या घरात कपाटांना अनेग्रे व्हिनियर (अनेग्रे लाकडाचा पातळ पापुद्रा) लावावं का, या प्रश्नावर एकांनी 'फिकं लाकूड म्हणजे कच्चं' असं लिहिलंय. मला नाही पटत. आफ्रिकेतल्या या झाडाचं लाकूड मध्यम वजनाचं, रंग सायीसारखा, किंचित गुलाबी झाक. मात्र उजेडाने ते हळूहळू सोनेरी होतं. खिडकीसमोरच्या दारावर कॅलेंडर टांगून ठेवलंत तर मागे फिका चौकोन उरतो. व्हिनियरची पानं (पातळ पत्रे) एकाच बंडलमधली, क्रमाने घ्या. शेजारच्या दारांवर रेषा जुळून येतात. पॉलिश पारदर्शक, मॅट (बिनचमकीचं) पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन.

खरी काळजी पाण्याची. 2019 ला कृष्णेचं पाणी शिरलं त्या भागात असाल, तर तळमजल्यावर कुठल्याच व्हिनियरचा हट्ट नको. वरच्या मजल्यावर खुशाल लावा.