आधी उपचार की आधी तक्रार? खान्देशातल्या मदत केंद्रांबद्दल चर्चा

शहादेकर ताई
लैंगिक अत्याचार झालेल्या बाईने सगळ्यात आधी कुठे जायचं, असं विचारलं की आपल्याकडे सगळे एकच सांगतात: पोलीस ठाणं. मला हे पटत नाही. तिने आधी दवाखाना गाठावा, आणि तिथे "तक्रार दिलीस का?" या प्रश्नावर तिचे उपचार अडू नयेत.

कायदा तिच्या बाजूचा आहे. सरकारी असो की खाजगी, दवाखान्याने तिच्यावर ताबडतोब आणि मोफत उपचार करायचेच असतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीचा नवा कायदा) कलम ३९७ मध्ये हे स्पष्ट आहे, आणि उपचार नाकारणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. गर्भ राहू नये म्हणून द्यायची गोळीही जितकी लवकर तितकी बरी. आता अक्कलकुव्याकडच्या एखाद्या पाड्यावरून निघालेली बाई डोळ्यांसमोर आणा. आधी घरच्यांची समजूत, मग पोलीस पाटील, मग ठाणं, आणि सगळ्यात शेवटी दवाखाना. औषधाची वेळ वाटेतच निघून जाते.

'सखी' वन स्टॉप सेंटरची योजना २०१५ पासून आहे. उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन, काही दिवसांचा निवारा, सगळं एका छताखाली. कल्पना चांगलीच आहे, पण केंद्र जिल्ह्याच्या गावी. धडगावच्या बाईने चांदसैली घाट उतरून नंदुरबारला कसं यायचं? निदान उपजिल्हा रुग्णालयात दार लागणारी एक खोली हवी, आणि पावरी-भिलोरी बोलणारी समुपदेशक हवी.

अमळनेरकर
ताई, तुमच्या तळमळीबद्दल शंका नाही. पण "तक्रार नको" म्हणणारी बाई बऱ्याचदा स्वतःच्या मनाने म्हणत नसते. तिच्यामागे सासरा, दीर आणि गावातले चार वजनदार लोक उभे असतात. "घरनी गोट घरमा ऱ्हाऊ दे" हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. तुम्ही उपचार आणि तक्रार वेगळे केलेत की या मंडळींचं काम सोपं होतं. औषध मिळालं, पंचांनी दंड ठरवला, प्रकरण मिटलं, आणि तो माणूस त्याच गल्लीत ताठ मानेने फिरतोय. १९९४ मध्ये जळगावचं वासनाकांड, म्हणजे अनेक मुलींना धमकावून केलेल्या अत्याचारांचं प्रकरण, बाहेर आलं, तेव्हा मुली पुढे येत नाहीत ही गोष्ट आरोपींच्या पथ्यावर पडते, हे आपण पाहिलंय.

दुसरं, अत्याचारग्रस्त महिला-मुलांसाठीच्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेतून दहा लाखांपर्यंत मदत मिळू शकते, पण त्यासाठी गुन्हा नोंदवलेला लागतो. हे न सांगता तिला घरी पाठवलं तर तिचंच नुकसान.

शहादेकर ताई
दादा, सासरा मागे उभा असतो हे अगदी खरं. त्याला बाहेर कोण काढणार ते सांगा. ठाण्यात तो तिच्या शेजारच्या बाकावर बसलेला असतो. दवाखान्यात सिस्टर "तपासणी आहे, बाहेर थांबा" म्हणाली की तो निमूट बाहेर जातो. नको कोण म्हणतंय हे बाईला एकटीला विचारल्यावरच कळतं. आणि मनोधैर्यची माहिती तिथेच द्यावी, त्याला माझा विरोध कुठे आहे?

सिस्टर, चोपडा-यावल पट्टा
सरकारी दवाखान्यात काम करते म्हणून लिहिते. डॉक्टर एमएलसी, म्हणजे पोलिसांशी संबंध येणारी वैद्यकीय केस, नोंदवतात आणि पोलिसांना कळवतात. पण प्रौढ बाईला तक्रार द्यायची नसेल तर तिचा नकार लिहून घ्यायचा असतो, उपचार थांबवायचे नसतात. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनाच तशा आहेत. घोळ केसपेपरच्या खिडकीवरच सुरू होतो. "काय झालं?" असं मोठ्याने विचारतात आणि मागची सगळी रांग ऐकते.

आणखी एक, जे कुणाच्या लक्षात येत नाही. पुरावा म्हणून अंगावरचे कपडे घेतात, वाळवून कागदी पाकिटात सील करतात. मग ती घरी काय नेसून जाणार? आम्ही वॉर्डातल्या जणी घरून साड्या, परकर, ब्लाउज आणून एका कपाटात ठेवतो. हे काम आमच्या वर्गणीवर का चालावं?

धुळ्याची वकील
दोघांच्या मध्ये एक मुद्दा राहतोय. संमतीने तपासणी करून नमुने वेळेत घेतले तर तक्रारीचा रस्ता नंतरही खुला राहतो. त्या सूचनांनुसार घटनेनंतर ९६ तासांपर्यंत नमुने घेता येतात. अंघोळ केली म्हणून बाईला परत पाठवणं चूक, आणि अंगावर जखम नाही म्हणजे संमती होती असं धरणं त्याहून चूक. 'टू फिंगर टेस्ट'वर, म्हणजे योनीत दोन बोटं घालून करायच्या तपासणीवर, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ताशेरे ओढले, आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनासाठी दोषी धरावं असं बजावलं.

ऊसतोडीला बारडोलीकडे गेलेल्या बायकांसाठी मुद्दाम लिहिते: घटना गुजरातेत घडली तरी तक्रार नवापूरला देता येते. झिरो एफआयआर (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात घेतलेली तक्रार) नोंदवून ती तिकडे पाठवणं पोलिसांचं काम. वकीलही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत, बाईचं उत्पन्न कितीही असो.

भुसावळचा वाचक
सगळे 'बाई' म्हणताय. सज्ञान पुरुषावर अत्याचार झाला तर? जुन्या कायद्यातलं 'अनैसर्गिक' संभोगाबद्दलचं कलम ३७७ निदान होतं. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यात तेही नाही. सखी केंद्र त्याचं नाही, मनोधैर्यही नाही. तो कुणाला सांगणार?

अमळनेरकर
भाऊ, प्रश्न खरा आहे, पण एकाच धाग्यात सगळं आणलं तर बायकांच्या केंद्रांचा विषय बाजूला पडेल.

सिस्टर, चोपडा-यावल पट्टा
पडणार नाही. एचआयव्हीची औषधं त्यालाही त्याच ७२ तासांत लागतात, आणि औषध देताना मी बाई-पुरुष बघत नाही. कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सगळ्यांसाठी आहे, मराठीत बोलता येतं.

अमळनेरकर
ठीक आहे. उपचार आधी, हे मान्य. पण तक्रार न देता ती घरी गेली तर पुढे तिची चौकशी कोण करणार? ते ठरल्याशिवाय तुमची खोली मला अर्धवटच वाटते. आशाताईंना पाठवायचं का?

शहादेकर ताई
आशाताई नको. त्या गावातल्याच, दारात दिसल्या की शेजारीण विचारणार. ज्या समुपदेशकाशी ती पहिल्या दिवशी बोलली तिनेच फोन करावा, तिने दिलेल्या नंबरवर, तिने सांगितलेल्या वेळी. फोन नवऱ्याच्या हातात असेल तर काय बोलायचं, तेही त्याच दिवशी तिच्याशी ठरवून घ्यावं.