मदत हवी आहे: मामांचे वेताळ – ग्रेडिंग करावं का, आणि विकायचे कुठे?

कोथरूडची भाची

नमस्कार मंडळी. इथे जुन्या कागदाची जाण असलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारते आहे.

माझे मामा गेल्या वर्षी गेले. मामी आता घर आवरून मुलाकडे राहायला जाते आहे आणि मामांच्या कॉमिक्सचं काय करायचं हे तिने माझ्यावर सोपवलं आहे. मामा साठच्या दशकाच्या शेवटी शिकायला अमेरिकेत होते. तिथे त्यांनी 'द फँटम'चे, म्हणजे आपल्या वेताळाचे, अंक जमवले. प्रकाशक बदलत गेले: गोल्ड कीचे १ ते १७, किंगचे १८ ते २८, चार्लटनचे ३० पासून पुढचे काही. पुण्यात परतल्यावर इंद्रजाल कॉमिक्स घेत राहिले, इंग्रजी आणि मराठी दोन्ही, ती १९९० मध्ये बंद पडेपर्यंत. राहिलेले जुने अंक त्यांनी जुन्या बाजारातून आणि अप्पा बळवंत चौकातून शोधून आणले. अमेरिकन अंक एकेका प्लॅस्टिकच्या पिशवीत, लोखंडी कपाटात आहेत. इंद्रजाल माळ्यावरच्या ट्रंकेत.

मागच्या आठवड्यात एक व्यापारी येऊन सगळं बघून गेले आणि एकरकमी भाव सांगितला. त्यांचं म्हणणं असं की दोन्ही संच अपुरे आहेत, अमेरिकनमध्ये २९ नाही, इंग्रजी इंद्रजालमध्ये १२३ आणि १२४ नाहीत, तेव्हा याहून जास्त कुणी देणार नाही. रविवारपर्यंत उत्तर मागितलंय. पहिल्या अंकापासून रांग लावणाऱ्या माणसाकडे नेमके हेच अंक नसावेत, हे माझ्या मनाला पटत नाही.

मामीला पैशांची निकड नाही, पण तिची फसवणूक होऊ नये एवढं मला बघायचं आहे. अमेरिकन अंकांपैकी पाच-सहा अगदी कालच छापल्यासारखे दिसतात. ते दर्जा ठरवून घ्यायला, म्हणजे ग्रेडिंगला, सीजीसी या अमेरिकन कंपनीकडे पाठवावेत का? लिलाव कुठे होतो? आणि पावसाळा तोंडावर आलाय, तोवर हे सगळं कसं ठेवू?

जुनी पानं

रविवारी नाही म्हणून सांगा. आत्ताच सांगितलंत तरी चालेल.

फँटमचा २९ क्रमांक अमेरिकेत निघालाच नाही. किंगने १९६७ मध्ये २८ वर थांबवलं आणि १९६९ मध्ये चार्लटनने थेट ३० पासून सुरुवात केली. इंद्रजालचे १२३ आणि १२४ हेही, ती काढणाऱ्या टाइम्समधल्या संपामुळे, कधी छापलेच गेले नाहीत. म्हणूनच १९६४ ते १९९० या काळातले एकूण अंक हे दोन वगळून ८०३ धरतात. तुमच्या मामांची रांग तिथे तुटलेली नाही, पूर्ण आहे. या व्यवहारात मुरलेल्या माणसाला हे ठाऊक असायला हवं. त्यांना ठाऊक नसेल तर त्यांच्या भावावर विसंबू नका, आणि ठाऊक असूनही तसं बोलले असतील तर त्यांना पुन्हा घरात घेऊ नका.

अंक तपासताना एवढं बघा: १९८३ पासून इंद्रजालवर सलग क्रमांक येत नाही, वर्ष आणि अंक येतो. ४४३ नंतर 'वर्ष २०, अंक १' दिसला तर मधले हरवले असं समजू नका.

कणा सरळ

ताई, ग्रेडिंगबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच लोकांचे पैसे जातात.

सीजीसी ही फ्लोरिडातली कंपनी २००० पासून कॉमिक्स तपासून ०.५ ते १० या पट्टीवर दर्जा देते आणि अंक कडक पारदर्शक खोक्यात बंद करून परत करते. ९.४ म्हणजे जवळजवळ नवा, ८.० म्हणजे उत्तम पण वापराच्या खुणा दिसणारा, ६.० म्हणजे चांगला वाचलेला. कागदावर हे आकडे जवळजवळ वाटतात, भावात तसे नसतात. तुमच्या गोल्ड कीचा पहिला अंक १९६२ चा, किंमत १२ सेंट. त्याच वर्षी, त्याच १२ सेंटला स्पायडरमॅनचं पदार्पण असलेला 'अमेझिंग फँटसी' क्रमांक १५ निघाला. त्याची ९.६ दर्जाची प्रत २०२१ मध्ये हेरिटेज या अमेरिकन लिलावसंस्थेच्या लिलावात ३६ लाख डॉलरला गेली. त्याच अंकाच्या जीर्ण प्रती या रकमेच्या शंभराव्या भागालाही पोचत नाहीत. फँटमची मागणी तेवढी नाही, त्या आकड्यांची आशा मामीला मुळीच दाखवू नका. पण दर्जाप्रमाणे भाव कसा चढतो याची रीत तीच.

आता ते पाच-सहा अंक खिडकीशी, तिरप्या उजेडात बघा. हात धुऊन कोरडे करा आणि अंक सपाट टेबलावर ठेवा. आधी कण्याजवळचा भाग: घडी पडून शाई उडालेल्या बारीक पांढऱ्या रेषा मोजा. रंग न तुटता नुसता दाब पडला असेल तर तो कमी गंभीर. मग पिना: गंज आहे का, गंजाचा डाग कागदात उतरलाय का. मग चारही कोपरे. शेवटी मधलं पान सुटलेलं नाही ना, कूपन कापलेलं नाही ना. आतला कागद पांढरा की पिवळट, हेही सीजीसी लेबलवर छापते. कण्यावर दोन-तीनच रेषा, कोपरे टोकदार आणि कागद पांढरा असेल तरच पाठवण्यात अर्थ. नाहीतर फी, विमा आणि टपाल मिळून अंकाच्या किमतीपेक्षा जास्त व्हायचं.

आणि कृपा करून काहीही दुरुस्त करू नका. सेलोटेप नाही, फेविकॉल नाही, उडालेल्या रंगावर स्केचपेन तर नाहीच. रंग भरलेला किंवा कडा कापलेला अंक ओळखू येतो, त्याला 'दुरुस्त केलेला' असं सांगणारं जांभळं लेबल लागतं आणि भाव कोसळतो. तज्ज्ञाकडून नीट दाबून सपाट करून घेणं सीजीसी दुरुस्ती धरत नाही, पण तो उद्योग इस्त्री घेऊन घरी करायचा नाही.

लायब्ररीवाला

माझं मत वेगळं. खोक्यात बंद केलेला अंक कुणी वाचू शकत नाही. इंद्रजालच्या बाबतीत तर ग्रेडिंगचा विचारही करू नका. आपल्याकडे ती हातोहात फिरली, लायब्ररीत बाइंडिंग झाली, भोकं पडली, कडा कापल्या गेल्या. इथला संग्राहक ९.४ शोधत नाही, तो विचारतो की मराठी अंक सलग किती आहेत आणि मुखपृष्ठं शाबूत आहेत का. मराठीत वेताळ वाचलेली पिढी आता साठीच्या पुढे-मागे आहे आणि मराठी संच सलग मिळणं कठीण आहे. तो फोडून विकू नका. एकेक चांगला अंक आधी उचलला गेला की उरलेल्याला रद्दीचाच भाव येतो.

ट्रंक मात्र आजच माळ्यावरून उतरवा. माळ्यावरची उष्णता आणि त्यावर पुण्याचा जुलै, दोन्ही वाईट. पत्र्याच्या आत ओल धरते, पिना गंजतात आणि कसर लागते. डांबरगोळ्या कागदाला लागतील अशा टाकू नका. बुरशीचा वास आला तर ते अंक वेगळे काढा, पंख्याखाली सावलीत सुकवा, उन्हात घालू नका, शाई उडते. डाग जास्त असतील तर भांडारकर संस्थेत जाऊन विचारा, तिथे हस्तलिखितं जपण्याचं काम पिढ्यानपिढ्या चाललंय, कुणाकडे जावं हे तरी सांगतील.

कणा सरळ

मराठी संचाबद्दल पूर्ण सहमत. मी फक्त त्या पाच-सहा अमेरिकन अंकांबद्दल बोलत होतो.

साठवणीत एक भर: मामांच्या पिशव्या पीव्हीसीच्या असतील तर त्या आता चिकट झाल्या असतील आणि शाईला धरतील. ओढू नका, एका बाजूने हळू उघडा. नव्या पिशव्या मायलरच्या (पारदर्शक पॉलिएस्टर), मागे ॲसिड-फ्री (आम्ल नसलेला) पुठ्ठ्याचा बोर्ड. अंक उभे, पण कलणार नाहीत इतपत भरलेले. कपाट बाहेरच्या भिंतीपासून लांब, आत सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा पन्नाशीच्या आसपास राहिला की पुरे.

कोथरूडची भाची

सगळ्यांचे मनापासून आभार. व्यापाऱ्यांना फोन करून नकार दिला. २९ निघालाच नव्हता हे मामीला सांगितलं तर म्हणाली, "यांनी वहीत लिहून ठेवलंय ते." वही मिळाली: प्रत्येक अंक कुठून, किती पैशांना, कुठल्या तारखेला. २९ समोर 'छापला नाही' असं आहे.

खिडकीशी बसून सगळे तपासले. गोल्ड कीचे १, ४ आणि ११ तुमच्या कसोटीला उतरतात. ११ च्या पहिल्या पानावर मामांची शाईतली सही आहे. खोडून बघू का? आणि मावसभाऊ दिवाळीनंतर न्यू जर्सीला परत जातोय, त्याच्याबरोबर पाठवले तर?

कणा सरळ

सही अजिबात खोडू नका. नाव लिहिलेलं असेल तर दर्जा थोडा उतरतो, खोडल्याने पान खरवडलं जातं आणि जास्त उतरतो. मी असतो तर ११ घरीच ठेवला असता. १ आणि ४ पाठवा.

मावसभावाबरोबर उत्तम. बोर्डांमध्ये सपाट बांधून हातसामानात, चेक-इन बॅगेत नाही. कायद्याचीही अडचण दिसत नाही, पुरावस्तू कायदा शंभर वर्षांपुढच्या वस्तूंना आणि पंचाहत्तर वर्षांपुढच्या कागदपत्रांना लागतो. निघण्यापूर्वी दोन्ही अंकांचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि वहीतल्या त्या पानांचाही. ग्रेडिंग होऊन आले की तिथेच विका, म्हणजे परत आणताना कस्टम्सशी बोलावं लागणार नाही. भाव ठरवण्याआधी हेरिटेजच्या जुन्या लिलावांचे निकाल आणि ईबेवर विकले गेलेले अंक, त्याच दर्जाचे, बघून घ्या. नुसत्या मागितलेल्या किमती बघू नका. लिलावात द्यायचे असतील तर विक्रेत्याकडून घेतलं जाणारं कमिशन आणि राखीव किंमत (जिच्याखाली विकायचं नाही ती) आधी लेखी घ्या. पैसे मामीच्या नावावर येणार, तर सीएला आत्ताच विचारून ठेवा.

लायब्ररीवाला

मराठी संचाची यादी करायला मी येऊ शकतो. बाणेरला असतो, शनिवार-रविवार मोकळा. वही वेगळ्या पिशवीत ठेवा, ती कुठल्याही अंकाबरोबर देऊ नका.