द वूड्समन पाहिला, दया आली आणि दया आल्याचा रागही आला

रातकिडा_पुणे
काल रात्री द वूड्समन (२००४) पाहिला, केव्हिन बेकनचा. लहान मुलींवर अत्याचार केले म्हणून १२ वर्षं आत काढून आलेला वॉल्टर, लाकडाच्या वखारीत कामाला लागतो, आणि राहायला जागा मिळते ती नेमकी शाळेच्या समोर. सख्खी बहीण भेटायला तयार नाही, पोलीस कधीही दार वाजवतो. मला त्याची कीव आली हो, आणि मग माझाच संताप झाला, कारण माझी पोरगी शेजारच्या खोलीत झोपलेली. असल्या माणसाला पडद्यावर 'माणूस' म्हणून दाखवावं का? आणि लोक त्याच्याशी जसे वागतात ते चूक म्हणायचं का?

चिंगीची आई
दया बिया काही नाही. ऑफिसातली ती मेरी-के त्याचं जुनं प्रकरण शोधून कामगारांना सांगते, तर सिनेमाने तिलाच व्हिलन केलंय. मी असते तर मीही सांगितलं असतं, आणि चहा पिऊन शांत झोपले असते.

पडदाबहाद्दर
याच्यापुढे लिटल चिल्ड्रन (२००६) बघा. स्विमिंग पूल पोरांनी नुसता गजबजलाय, वॉल्टरसारखाच जेलमधून सुटून आलेला रॉनी पायात फ्लिपर्स आणि तोंडावर मास्क चढवून पाण्यात उतरतो, कोणीतरी ओळखतं आणि मग आयांची जी पळापळ! दोन मिनिटांत पूल रिकामा, मधोमध हा एकटा. बघताना वाटतं अरे काय हे, वाळीतच टाकलं की. पण त्याआधी कॅमेरा पाण्याखाली गेलेला असतो आणि हा पोरांकडे बघत असतो, त्यामुळे आया उगाच ओरडल्या असंही म्हणता येत नाही. जॅकी अर्ल हेलीला ऑस्करचं नॉमिनेशन होतं त्या रोलसाठी. आणि रात्री-अपरात्री त्याच्या घरासमोर भोंगा घेऊन बोंबलणारा लॅरी स्वतः कोण, तर चुकून एका पोराला गोळी घालून बसलेला माजी पोलीस. त्या सगळ्या राड्यात रॉनीची म्हातारी आई जाते.

काळा_कोट
हे सगळं तिकडचं आहे हे विसरू नका. अमेरिकेत १९९६ पासून मेगन्स लॉ आहे, सुटलेला गुन्हेगार कुठे राहतो ते लोकांना कळतं. आपल्याकडे सप्टेंबर २०१८ मध्ये रजिस्टर सुरू झालं, पण ते फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना बघता येतं. आणि आपला समाज वाळीत टाकतोच असं कोणी सांगितलं? १५ ऑगस्ट २०२२ ला बिल्किस बानो सामूहिक बलात्कार प्रकरणातले ११ जण शिक्षेत माफी मिळून गोध्रा जेलमधून सुटले तेव्हा हार घातले, पेढे भरवले. सुप्रीम कोर्टाने ८ जानेवारी २०२४ ला ती माफी रद्द केली, खटला मुंबईत चालला होता तेव्हा माफीचा अधिकार गुजरातला नव्हताच, महाराष्ट्राला होता म्हणून. म्हणजे सुटून आलेला 'आपला' की 'परका', सगळा खेळ त्यावर.

चिंगीची आई
पेढ्यांचं आठवून अजून डोकं फिरतं. पण म्हणून वॉल्टरला सूट नाही द्यायची मी.

रातकिडा_पुणे
सूट नकोच. पण बागेतला सीन आठवतोय? बाकावर पक्षी बघत बसलेली ती रॉबिन, आणि वॉल्टर तिला मांडीवर बसतेस का विचारतो. माझा श्वास अडकला होता. मग बोलता बोलता त्याच्या लक्षात येतं की तिचा बापच तिला मांडीवर बसवतो आणि तिला ते नको असतं. ती रडायला लागते, आणि हा तिला घरी जा म्हणतो. अख्खं गाव वॉल्टरच्या खिडकीवर नजर ठेवून आहे आणि पोरगी परत जाणार कुठे, तर त्याच बापाकडे.

चिंगीची आई
तो सीन मी पळवला होता. बाकावर बसला तेव्हाच रिमोट हातात घेतला.
साधारण कितव्या मिनिटाला आहे?