मदत हवी आहे: शिअरवॉटरच्या बिळांची मोजणी, रोज वेगळा आकडा

बेटावर स्वयंसेवक म्हणून मँक्स शिअरवॉटर या बिळात अंडी घालणाऱ्या समुद्रपक्ष्याची मोजणी चालू आहे. मे अखेर, दिवसाढवळ्या. बिळाच्या तोंडाशी नराचं ध्वनिमुद्रण वाजवायचं, आतून उत्तर आलं की नोंद. शंभरातली तीसेक बिळं बोलतात, पण दुसऱ्या दिवशी त्यांतली बरीच गप्प आणि भलतीच बोलतात. कुठला आकडा धरावा? शिवाय जमीन इतकी भुसभुशीत की पायाखाली बीळ ढासळतं. तेव्हा काय करावं?

प्रतिसाद १
पद्धत बरोबर आहे. जोडीतले दोघं पाळीपाळीने अंडं उबवतात आणि एकेक पाळी काही दिवस चालते. नराच्या आवाजाला मुख्यतः नरच ओरडतो. आत मादी असली तर बीळ मुकं. म्हणजे गप्प बीळ रिकामं असतंच असं नाही.

यावर उपाय म्हणजे गुणक, म्हणजे वस्तीच्या बिळांपैकी एका दिवसात किती बोलतात त्याचं प्रमाण. शंभरेक बिळांचा एक तुकडा आखा, प्रत्येक बिळाला क्रमांकाची काडी लावा आणि नवं बीळ बोलायचं थांबेपर्यंत रोज वाजवा. समजा एकूण ६० बिळं कधी ना कधी बोलली आणि रोजची सरासरी २४, तर २४ भागिले ६० म्हणजे ०.४. बाकी बेटावर एकाच फेरीत १०० उत्तरं आली तर १०० भागिले ०.४, म्हणजे २५० जोड्या.

यंत्र, आवाजाची पातळी, वाजवण्याचा वेळ सगळीकडे तोच हवा. सेल उतरला की आवाज पडतो, उत्तरं घटतात आणि गुणकाची वाट लागते. एकाच बिळाला दोन तोंडं असली तर एक पक्षी दोनदा मोजला जातो, तेवढं बघा. अंड्यातून पिल्लू बाहेर यायला साधारण ५१ दिवस लागतात. पिल्लू आठवड्याभराचं झालं की आई-बाप दिवसा बिळात नसतातच, म्हणून त्याआधी मोजणी उरका.

प्रतिसाद २
ढासळलेल्या बिळाबद्दल: भोक मातीने बुजवू नका, पक्षी आत कोंडून मरतो. गुडघ्यांवर बसून हातानेच माती उपसा. फावडं अजिबात नको, अंडं फुटतं. बोगदा दोन्ही बाजूंना मोकळा झाल्याची खात्री करा, मग भोकावर प्लायवुडचा तुकडा किंवा चपटा दगड ठेवून वर माती पसरा. प्लायवुडचे चार-पाच तुकडे कायम पिशवीत असू द्या. हातमोजेही घाला, चोच चांगलीच लागते.

प्रश्नकर्ता
मागच्या वर्षीचा गुणक तयार आहे, तो चालेल?

प्रतिसाद १
नको. मोजणीची तारीख अंडी घालण्याच्या काळापासून थोडी जरी सरकली तरी प्रमाण बदलतं. गुणक दर हंगामात नव्याने काढा.